वकिलीच्या वाटेने

नांदेड, कंधार किंवा उदगीरच्या कोर्टात आजही इनामी जमिनीचा जुना दावा उभा राहिला की उर्दू वाचणाऱ्या माणसाचा शोध सुरू होतो. फाइलीतून मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला, बाहेर येतो, त्यावर फसली सन असतो, कुठे अव्वल तालुकदाराचा शिक्का असतो. समोरच्या वकिलाच्या हाती १९५४ सालचे खासरा पत्रक असते. दोन्ही वकील मराठी, दोन्ही पक्षकार मराठी, न्यायाधीशही मराठी. पण ज्या कागदावर सगळ्यांचा हक्क टेकलेला आहे, तो एका वेगळ्या राज्याचा, निजामाच्या हैदराबादचा, कागद आहे. त्या राज्याला जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. मराठवाड्यातल्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात मात्र त्याच राज्याच्या कोर्टकचेरीत झाली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतून जी माणसे पुढे विधिमंडळात, मंत्रिमंडळात आणि संसदेत गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी वकिलीची सनद घेतली होती किंवा निदान कायद्याची पदवी. या माणसांची चरित्रे आपण बहुधा मंत्रिपदाच्या शपथेपासून वाचतो. पुढची पाने ती वकालतनाम्यापासून वाचावीत अशी विनंती करतात, आणि त्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे माझे काम आहे.

हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६० च्या दशकात जिल्हाबंदी केली आणि निजामाच्या मुलखात जिल्हे, तालुके व त्यांना जोडलेली न्यायालये यांची रीतसर घडी बसू लागली. सरकारी भाषा तेव्हा फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. नांदेडच्या मराठी घरातल्या मुलाला वकील व्हायचे तर उर्दूत परीक्षा द्यावी लागे, उर्दूत अर्ज लिहावा लागे, उर्दूत युक्तिवाद करावा लागे. घरात मराठी, देवघरात संस्कृत, कचेरीत उर्दू आणि पुढे इंग्रजी, अशा चार भाषा ज्याच्या जिभेवर असत तो गावात आपोआप मोठा माणूस ठरे. पाटील-देशमुखांपाशी जमीन असे, सावकारापाशी पैसा असे, पण सरकारचा हुकूम वाचून त्यात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही हे सांगण्याची शक्ती वकिलापाशी असे. तारखेच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून आलेले पक्षकार त्याच्याच ओसरीत मुक्कामाला राहत. दुष्काळ कुठे पडला, लेव्हीच्या धान्यासाठी कोणाला मारहाण झाली, कोणत्या जहागिरीत वेठबिगार चालते, हे त्या ओसरीवर कळे. वर्तमानपत्राला जे कळत नसे ते वकिलाच्या मुन्शीला ठाऊक असे.

राज्यात कायदेमंडळ होते, १८९३ पासून होते, आणि त्यात वकिलांच्या वर्गाला प्रतिनिधीही पाठवता येत. पण ते सल्ल्यापुरते मंडळ. प्रजेने निवडून दिलेली विधानसभा नावाची वस्तू हैदराबादेत १९५२ पर्यंत नव्हती. सभा घ्यायची तर ‘गश्ती नंबर ५३’ या परिपत्रकाखाली आधी सरकारची परवानगी काढावी लागे. या कोंडलेल्या मुलखात सरकारी अधिकाऱ्यासमोर ताठ उभे राहून ‘तुमचा हुकूम तुमच्याच कायद्याविरुद्ध आहे’ असे म्हणण्याची मुभा एकाच जागी होती, ती म्हणजे कोर्ट. ती मुभाही फक्त सनदधारकाला. मराठवाड्यात वकील पुढारी का झाले याची कारणे शोधणारे त्यांच्या शिक्षणाकडे, जातीकडे, घरच्या सुबत्तेकडे बोट दाखवतात. ती कारणे खोटी नाहीत. तरी माझ्या मते मुख्य कारण हेच: बोलण्याचा परवाना असलेला वर्ग दुसरा नव्हताच.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेकडे पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. तिथल्या जिल्ह्याच्या गावचा वकील न्यायाधीशाबरोबर घोड्यावरून गावोगाव फिरे, दिवसा खटले चालवी आणि संध्याकाळी त्याच गावातल्या मतदारांशी बोले. अब्राहम लिंकन १८३४ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले ते वकिलीची सनद मिळण्याच्याही आधी. सनद १८३६ मध्ये मिळाली, आणि विधिमंडळातल्या चार मुदती व वकिली ही एकाच गाडीची दोन चाके होऊन चालली. लिंकनसारखे, पण इतके प्रसिद्धीस न आलेले कितीतरी वकील त्या काळात आपापल्या राज्याच्या सभागृहात बसले. त्यांच्यासाठी कोर्ट आणि सभागृह यांच्यामध्ये रस्ता होता. नांदेडच्या वकिलासाठी तो रस्ता कोर्टाच्या आवाराच्या भिंतीशी संपत होता. पुढचा रस्ता त्यालाच पाडावा लागला, आणि पाडताना तुरुंगातून जावे लागले.

केशवराव कोरटकर हे या वाटेवरचे पहिले ठळक नाव. त्यांचा जन्म १८६७ चा, वसमत तालुक्यातल्या पुरजळचा; नांदेडच्या अगदी शेजारचा मुलूख. गुलबर्ग्यात वकिलीची सुरुवात करून ते हैदराबादला गेले, तिथे नामवंत झाले आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. मराठवाड्याच्या एका खेड्यातला मुलगा निजामाच्या न्यायासनावर बसला, एवढ्यावरच त्यांची कथा थांबवायची सवय आपल्याला आहे. मला त्यांच्या कमाईपेक्षा त्या कमाईचे त्यांनी काय केले हे महत्त्वाचे वाटते. १९०७ मध्ये वामन नाईक व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी पाठशाळा उभी केली. उर्दूच्या राजधानीत मराठी मुलांना मराठीतून शिकता यावे ही मागणी सरकारकडे करून ते वाट पाहत बसले नाहीत, शाळाच काढली. आर्य समाजाचे काम, समाजसुधारणेच्या परिषदा, ग्रंथालये, मुसीच्या पुरानंतरची मदत, सगळीकडे ते दिसतात. आणि हे सगळे कायद्याच्या चौकटीत. राजकारणाला मनाई होती तेव्हा शिक्षणाला नव्हती, हे त्यांनी वकिलाच्या नजरेने हेरले. ज्या कलमात आपल्याविरुद्ध काही लिहिलेले नाही, त्या कलमात घर बांधायचे. १९३२ मध्ये ते गेले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार बॅरिस्टर होऊन आले आणि १९४७-४८ मध्ये रझाकारांचा कहर चालू असताना हैदराबाद राज्यातल्या वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला, तेव्हा त्या वकिलांचे नेतृत्व त्यांनी केले. बापाने कोर्टातून जे कमावले होते ते लोकांसाठी वळवले. मुलाने वेळ आली तेव्हा कोर्टच सोडले. दोन पिढ्यांतला हा बदल एका घरात पाहायला मिळतो, म्हणून कोरटकरांचे घराणे मला या विषयाचा गाभा वाटते.

उदगीरची गोष्ट याहून कठोर आहे. तिथे भाई श्यामलाल वकिली करत आणि आर्य समाजाचे काम करत. निजामी कारभाराशी त्यांचा संघर्ष कोर्टापुरता राहिला नाही. डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. उदगीरच्या शाळेवर आज त्यांचे नाव आहे, पण वकील म्हणून त्यांनी कोणाचे खटले घेतले, कोणत्या न्यायाधीशासमोर काय मांडले, हे सांगणारे पान आपल्या इतिहासात जवळजवळ कोरे आहे. हुतात्म्याचा मृत्यू आपण जपतो आणि त्याचा रोजचा व्यवसाय विसरून जातो. खरे तर त्या रोजच्या व्यवसायानेच त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत नेलेले असते.

१९३७ मध्ये परतूरला निजामी राज्यातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, १९३८ मध्ये लातूरला दुसरे, १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला तिसरे. नावात राजकारण नव्हते. शिक्षण, शेती, आरोग्य, नागरी हक्क असे ठराव असत. पण ठरावाची भाषा वाचली की ती लिहिणारा हात कळतो. विनंती अशी केलेली की नाकारायची तर सरकारला कारण द्यावे लागावे. १९३८ मध्येच हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती पुरती स्थापन होण्याआधीच बंदी आली आणि ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. बंदी उठायला १९४६ उजाडावे लागले. या सगळ्या काळात स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या जोडीने जी माणसे उभी होती त्यांत भोकरचे दिगंबरराव बिंदू होते. हैदराबादेत वकिली करणारे दिगंबरराव परिषदेच्या आणि स्टेट काँग्रेसच्या पहिल्या फळीतले. नांदेड जिल्ह्याने राज्याच्या राजकारणाला दिलेला हा पहिला मोठा वकील. त्यांच्या जिल्ह्यात त्यांचे नाव आज जितके ऐकू यायला हवे तितके येत नाही, याचे मला वाईट वाटते.

मार्च १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे पहिले निवडून आलेले मंत्रिमंडळ सत्तेवर आले. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव वकील. विधानसभेचे सभापती काशिनाथराव वैद्य वकील. गृहमंत्री दिगंबरराव बिंदू वकील. विनायकराव विद्यालंकारही मंत्रिमंडळात. ज्यांना सभेसाठी परवानगी मागावी लागत होती तेच आता परवानगी देणाऱ्या खुर्चीत बसले. आणि सहा महिन्यांच्या आत त्यांची परीक्षा झाली. मुलकी-गैरमुलकीच्या, म्हणजे नोकऱ्यांत स्थानिक की बाहेरचे या प्रश्नावर हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सप्टेंबर १९५२ च्या सुरुवातीला पोलिसांनी गोळीबार केला, काही जण मृत्युमुखी पडले. गृहखाते दिगंबररावांकडे होते. चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांची नेमणूक झाली. आयुष्यभर फिर्यादीच्या बाजूने उभा राहिलेला वकील त्या दिवसांत सरकारची बाजू मांडत होता. चरित्रकार अशा जागेवरून घाईने पुढे जातात, कारण नायकाला ते सोयीचे नसते. मी उलट म्हणेन की इथे थांबावे. स्वातंत्र्यसैनिक आणि गृहमंत्री ही एकाच माणसाची दोन रूपे समजून घेतल्याशिवाय आपल्याला मिळालेले राज्य कसे होते हे समजणार नाही. निजामाच्या राज्यात गोळीबारानंतर न्यायाधीशाकरवी उघड चौकशी मागणे ही हिंमतीची गोष्ट होती. १९५२ मध्ये ती चौकशी झाली, हा फरकही त्याच वेळी नोंदवायला हवा.

त्या विधानसभेच्या आगेमागे जे कायदे आले त्यांनी मराठवाड्यातल्या वकिलीचे रूपच पालटले. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० चा, इनामे रद्द करणारा कायदा १९५४ चा. अचानक प्रत्येक गावात संरक्षित कूळ, मालक, इनामदार, शिकमी असे पक्ष उभे राहिले आणि तहसीलपासून उच्च न्यायालयापर्यंत दाव्यांची रांग लागली. नांदेड-लातूरच्या बार रूममध्ये पुढच्या दोन पिढ्या या दाव्यांवर जगल्या असे म्हटले तर फार चुकणार नाही. इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. कायदा कुळाच्या बाजूचा होता, पण वकिलाची फी मालकाला परवडत होती. कित्येक कुळांची नावे पत्रकात लागली आणि पुढच्या कागदात पुसली गेली. काही वकिलांनी कुळांचे दावे बिनफी चालवले आणि काहींनी मालकांना वाट दाखवली; दोन्ही प्रकारची माणसे पुढे निवडणुकीला उभी राहिली. भूमिहीनाला, दलिताला, बाईला या कोर्टाच्या पायऱ्या चढणे किती अवघड होते याचा हिशेब घेतल्याशिवाय या पुढाऱ्यांची थोरवी मोजता येत नाही. या लेखनात स्त्रिया नाहीत. त्या काळात या दोन जिल्ह्यांच्या कोर्टांचे दार त्यांच्यासाठी व्यवहारात बंदच होते, आणि ही उणीव सगळ्या परंपरेचीच आहे.

१९४८ च्या आगेमागे आणखी एक बदल झाला. आधीचे वकील बहुतांश ब्राह्मण व शहरी घरांतले होते. आता शेतकरी घरांतली मुले कायदा शिकू लागली. शंकरराव चव्हाण मूळचे पैठणचे, जन्म १४ जुलै १९२० चा. हैदराबादला कायदा शिकले, मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या उमरखेडच्या केंद्रात काम केले, आणि नांदेडला येऊन तिथलेच झाले. १९५२ ची पहिली निवडणूक ते हरले. नांदेड नगरपालिकेचे अध्यक्षपद, मग द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्रिपद, मग राज्याचे पाटबंधारे खाते. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. फेब्रुवारी १९७५ ते मे १९७७ आणि मार्च १९८६ ते जून १९८८, असे दोनदा ते त्या पदावर बसले. लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. मला त्यांच्यात शिक्षकापेक्षा दिवाणी वकील जास्त दिसतो. पाण्याचा प्रश्न त्यांनी भावनेच्या जोरावर मांडला नाही. खोरे कोणते, आवक किती, हक्क कोणाचा, आधी ठरलेले काय, या क्रमाने मांडला. दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी राज्याला शून्याधारित अर्थसंकल्प दिला, म्हणजे प्रत्येक खात्याने गेल्या वर्षी मिळाले म्हणून यंदा मागू नये, प्रत्येक खर्चाची गरज नव्याने सिद्ध करावी. पुराव्याचे ओझे मागणाऱ्यावर टाकणारी ही रीत आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे.

लातूरच्या बाजूला तीन नावे एकामागून एक येतात. शिवाजीराव पाटील निलंगेकर, कायद्याचे पदवीधर, १९६२ पासून निलंग्याचे आमदार, जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर मार्च १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कायदा शिकलेल्या माणसाचे पद न्यायालयाच्या शब्दाने गेले आणि त्यांच्या जागी शेजारच्या नांदेडचा कायदा शिकलेला माणूस आला. या प्रकरणावर तेव्हा जे राजकारण झाले ते झाले. पण न्यायालयाने ताशेरे ओढले म्हणून मुख्यमंत्री पायउतार होतो, ही गोष्ट आजच्या वाचकाने लक्षपूर्वक वाचावी. शिवराज पाटील चाकूरकर लातूरच्या नगराध्यक्षपदापासून निघाले, राज्य विधानसभेचे अध्यक्ष झाले, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९९३ मध्ये, संसदेत खात्यांशी जोडलेल्या सतरा स्थायी समित्या सुरू झाल्या. सभागृहाच्या गोंगाटाबाहेर बसून कागद तपासण्याची ही व्यवस्था कोर्टाच्या चेंबरमध्ये वाढलेल्या मनालाच सुचावी अशी आहे. विलासराव देशमुख पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातून कायदा शिकून बाभळगावला परतले आणि सरपंच झाले. त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की इथे मी भर घालत नाही.

या सगळ्यांच्या राजकारणाचा एक समान धागा मला दिसतो. मराठवाड्याने आपली गाऱ्हाणी दाव्यासारखी मांडली. प्रादेशिक समतोलाची हमी देणारा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हा त्या दाव्यातला मूळ दस्तऐवज. राज्यघटनेचे कलम ३७१(२) हा त्याचा कायदेशीर आधार. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल हे मोजमाप. त्या समितीने राज्यभरातला विकासाचा अनुशेष सुमारे ३१८६ कोटी रुपये काढला. १९९४ ची वैधानिक विकास मंडळे ही अंमलबजावणी. औरंगाबादचे खंडपीठ तर वकिलांनीच लढून मिळवले. २७ ऑगस्ट १९८१ ला तिथे न्यायमूर्ती बसू लागले, त्याला आव्हान मिळाले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते खंडपीठ वैध ठरवले. नांदेडच्या शेतकऱ्याला अपिलासाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही, हा त्या लढ्याचा रोकडा लाभ. पण दाव्याची भाषा ज्याला येत नाही तो पक्षकार दाराबाहेर बसून राहतो, हेही या राजकारणाने दाखवले. अनुशेष म्हणजे काय हे गावातल्या माणसाला कोणी नीट सांगितले नाही. ते मुंबईत मांडले गेले आणि मुंबईतच त्याच्यावर तारखा पडल्या. वकिलांचे पुढारीपण लोकांच्या वतीने बोलण्यात जितके थोर ठरले, तितके लोकांना बोलते करण्यात ठरले नाही, असे माझे मत आहे. कोरटकरांनी शाळा काढली होती याची आठवण म्हणूनच पुन्हा पुन्हा होते.

वाचकांच्या सोयीसाठी काही खुलासे. जुन्या कागदांतले सन हैदराबादी फसली आहेत. हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी फसली सनात ५९० मिळवले आणि जानेवारीपासून ५९१ मिळवले की इसवी सन येतो. १३४८ फसली म्हणजे सत्याग्रहाचे १९३८-३९ हे साल. जिल्ह्यांच्या नावांत गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो की १६ ऑगस्ट १९८२ पूर्वीचे लातूर उस्मानाबाद जिल्ह्याच्या कागदांत शोधावे, निलंगा व उदगीर १९५६ पर्यंत बीदर आणि नंतर उस्मानाबाद जिल्ह्याच्या कागदांत शोधावेत, आणि वसमत १९९९ पर्यंत परभणीत होता, नंतर हिंगोलीत आला. मुंतखब, सेतवार, खासरा हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. या भागातल्या कोणत्याही जुन्या वकिलाला किंवा तलाठ्याला ते आजही रोजचे आहेत. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वकिलीचे उर्दू कागद पेटीत पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. उर्दू येत नसेल तर गावातल्या मशिदीचे मौलवी किंवा निवृत्त पेशकार ते वाचून देतात, आणि बहुतेक वेळा कागद वाचता वाचता त्या खटल्याची सगळी हकीकतही सांगतात.